वीज गेली तेव्हाची बारा मिनिटं

लॅपटॉपच्या पडद्यावरचा बाण कोणी हात न लावता डावीकडून उजवीकडे सरकला होता, मध्येच थबकला होता आणि पुन्हा सरकला होता. ताटाच्या कडेवरून मुंगी चालताना बघावी तशा लताबाई त्याच्याकडे बघत राहिल्या होत्या. ते सकाळचं. आता सव्वाअकरा होऊन गेले होते. बाण कुठे नव्हता, पडदा काळा होऊन बसला होता, आणि मोबाइलवर बँकेचे तीन निरोप एकाखाली एक आले होते. एका पंगतीतून उठून गेलेल्या तीन पाहुण्यांसारखे. तिन्ही निरोपांचा अर्थ एकच. गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी, नवऱ्याच्या, झुंबरच्या, फंडातून राखून ठेवलेले पैसे खात्यातून गेले होते. ऑपरेशनला डॉक्टरांनी सतरा तारीख दिली होती. जिन्याच्या बत्तीस पायऱ्या रोज कठडा धरून, एकेका पायरीला दोन्ही पाय टेकवत उतरणाऱ्या बाईचे पैसे, बाई खुर्चीतून हललीसुद्धा नसताना, तिच्या डोळ्यांदेखत चालत निघून गेले होते. चहावर साय धरली होती. खाली जेल रोडवर भाजीवाला मेथीच्या नावाने ओरडत होता. जगाला काही झालं नव्हतं.

त्यांना रडू आलं नाही. आधी आलं ते वेगळंच, कानात एक पोकळी. कान हीच तर लताबाईंची मिळकत. मनमाडच्या रेल्वे एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं त्यांनी कानावर काढली. ट्रंक बोर्डासमोर उंच स्टुलावर बसायचं, डोक्यावरून हेडफोनची पट्टी, हातात लाइन जोडायच्या दोऱ्या. दौंड मागा, भुसावळ मागा, नांदगाव मागा. नुसत्या 'हॅलो'वरून त्या सांगायच्या की बोलणारा उभा आहे की बसलेला, दारू प्यायलेला आहे की रडून आलेला. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, लताबाईंना फोनवर खोटं सांगायचं म्हणजे न्हाव्यापुढे केस लपवायचे. मागच्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना कोणीतरी वीजबिलाच्या नावाने गंडवलं, तेव्हा पायल, त्यांची लेक, पुण्याहून हसत म्हणाली होती, "आई, सगळ्या जगाला फसवतील, तुला नाही. तुझ्याशी बोलायला त्यांना आधी परीक्षा द्यावी लागेल." लताबाईंना ते आवडलं होतं. इतकं की दोन दिवस त्या मनातल्या मनात ते घोळवत होत्या.

सकाळी साडेनऊला त्या हयातीच्या दाखल्यासाठी बसल्या होत्या. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्याने सरकारला सांगायचं असतं की मी अजून जिवंत आहे. गेल्या साली बँकेत तीन तास रांगेत उभं राहून सांगितलं होतं. यंदा पायल म्हणाली, घरबसल्या होतं, शोध. त्या शोधत होत्या. एका ठिकाणी बोट पडलं आणि सगळा पडदा लाल झाला. तुमच्या संगणकात चोर शिरला आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. आणि पीं पीं पीं असा आवाज सुरू झाला, थांबेना. चोर या शब्दाची त्यांना भीती वाटली नाही. पण तो आवाज. आवाज वाजतोय आणि कोणी उचलत नाही, हे त्यांच्या अंगाला सोसत नाही. सुलाबाईंनी, एक्सचेंजमधल्या त्यांच्या सीनियरने, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पोरी, घंटा म्हणजे तान्हं मूल. तिसऱ्या हाकेला पदराखाली घेतलंच पाहिजे." तेव्हा लताबाई एकवीस वर्षांच्या. अजूनही न्हाणीघरातून घंटा ऐकू आली की त्यांचे ओले पाय आपसूक धावतात, गुडघे मागे राहतात.

तर नंबर त्यांनी स्वतः फिरवला, घरातल्या जुन्या टेलिफोनवरून. ज्याच्यावर कोण बोलतंय ते दिसत नाही, फक्त ऐकू येतं, असा हा टेलिफोन. पायल म्हणते, आई, हे खोकं काढून टाक. त्या काढत नाहीत. पलीकडून एक मुलगा बोलला. "नमस्कार मॅडम, मी रोहित. टेक्निकल डिपार्टमेंट." मराठी होती, पण मराठीच्या खाली हिंदी होती, नव्या रंगाखालून भिंतीचा जुना रंग दिसावा तशी. हे लताबाईंनी टिपलं. सगळंच टिपलं होतं त्यांनी. पण त्याने नंबर विचारला, त्यांनी सांगितला, आणि त्याने तो दोन-दोन आकड्यांच्या जोडीने परत म्हणून दाखवला. अगदी एक्सचेंजच्या रीतीने. सांगितलेला आकडा परत म्हणायचा, पलीकडच्याने 'बरोबर' म्हणायचं, मगच तो आकडा खरा. आजकाल कोणी म्हणत नाही. दुकानदार नाही, बँकवाले नाहीत, दवाखान्यातल्या पोरी तर अर्ध्यावरच 'हो हो' करतात. किती वर्षांनी कोणी म्हटलं. "बरोबर," लताबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आत काहीतरी सैल झालं.

त्याने सांगितलं ते त्यांनी पडद्यावर उघडलं. बाण चालू लागला. "घाबरू नका मॅडम, आम्ही आहोत ना. आता माझा हात तुमच्या कॉम्प्युटरवर आहे." आणि मग, सव्वादहाच्या पुढे केव्हातरी, वीज गेली.

इथे येऊन लताबाईंचं मन अडायचं. सव्वाअकरापासून ते चारदा इथवर आलं आणि चारदा अडलं, घाटात ट्रक अडावा तसं. कारण वीज गेली तेव्हा काहीच गेलं नव्हतं. पैसुद्धा नाही. वीज गेली तसे घरातल्या इंटरनेटच्या पेटीचे हिरवे दिवे विझले, टेलिफोन त्याच पेटीवर चालतो म्हणून तोही मुका झाला, बाण जागच्या जागी मेला. पंखा हळूहळू थांबला. इतकी शांतता झाली की स्टेशनातून मालगाडीचे डबे एकमेकांना धक्के देत गेलेले ऐकू आले. कोणीतरी, म्हणजे वीज कंपनीच्या कुठल्यातरी खांबाने, त्यांना हाताला धरून बाहेर काढलं होतं. बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत लताबाई रिकाम्या रिसीव्हरवर हात ठेवून बसून होत्या आणि, हेच तर कोणाला सांगता येणार नव्हतं, त्यांना कळलं होतं.

शांततेत सगळे आवाज वेगळे होऊन खाली बसले, गढूळ पाणी निवळावं तसे. रोहितच्या मागे दुसरे आवाज होते. एक मुलगी म्हणत होती, "घबराइए मत अंकल, हम हैं ना." तेच वाक्य. तीच चढण, तोच उतार. तिच्या मागे आणखी कोणी, पुन्हा तेच. आणि एकजण हलक्या आवाजात विचारत होता, समोसे किती सांगू. एका खोलीत ओळीने बसलेली पोरं होती ती. फोन चालू असताना हे सगळं त्यांच्या कानांवर पडलं होतं आणि त्यांना काय वाटलं होतं? माया वाटली होती. त्यांना त्यांची खोली आठवली होती. चौदा बायका, चौदा तोंडं, एकच वाक्य, 'नंबर प्लीज', आणि टेबलाखालून फिरणारा शेवचिवड्याचा कागद. या पोरांनाही एखादी सुलाबाई असेल, असं त्यांना वाटून गेलं होतं. आता थिजलेल्या पडद्यासमोर त्या बसल्या आणि एकेक आवाज उचलून बघू लागल्या. सगळ्या अंकलांच्या कॉम्प्युटरमध्ये आजच चोर कसा शिरला? सगळ्यांना एकच धीर कसा? सरकारी खात्यात कधी कोणी इतक्या मायेने बोलतं का? त्यांना कळलं. नीट, स्वच्छ, हेडफोनमध्ये स्वच्छ लाइन लागावी तसं कळलं.

मग वीज आली. पंखा फिरला, पेटीवर हिरवे दिवे एकेक करून डोळे उघडू लागले. आणि लताबाईंनी रिसीव्हर उचलून तोच नंबर पुन्हा फिरवला.

दुपारी एकला पायलचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत रोज येतो, घरातल्या टेलिफोनवरच, आईच्या हट्टापायी. दुसऱ्या घंटेला लताबाईंनी उचलला.

"ऑपरेटरबाई, जेवलात का?"

"जेवले."

"काय केलंस?"

"मेथी."

"काल पण मेथीच होती ना?"

"जुडी मोठी होती गं."

"बरं. ऐक, मी शनिवारी रात्रीच येते. सोळाला अॅडमिट करून घेतात म्हणे. बँकेतून काढून ठेवशील ना पैसे? की मी आल्यावर जाऊ?"

"तू आल्यावर बघू."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"खरखर आहे लाइनला."

"मला तर स्वच्छ ऐकू येतंय."

"तुझ्या बाजूने स्वच्छ असेल," लताबाई म्हणाल्या. "माझ्या बाजूने आहे खरखर."

पायल क्षणभर गप्प झाली. कान लेकीलाही आले होते, रक्तातून. "बरं," ती म्हणाली, "हयातीचा दाखला झाला का? जिवंत आहेस ना कागदावर?"

"अजून नाही," लताबाई म्हणाल्या. "सर्व्हर बंद होता." लेक हसली. तिने फोन ठेवला तेव्हाच लताबाईंनी ठेवला. आधी नाही. समोरच्याने ठेवल्याशिवाय ठेवायचा नाही.

का ठेवायचा नाही, हे सुलाबाईंच्या नियमात होतं, पण नियम सगळ्याच जणी मोडायच्या. चहाची वेळ झाली की बाकीच्या दोऱ्या खेचून मोकळ्या व्हायच्या. एकट्या लताबाईंनी तीस वर्षं आपल्या बाजूने लाइन तोडली नाही. तुटली तर, ज्याची तुटली त्याला स्वतः पुन्हा जोडून दिली. लोकांना ती शिस्त वाटायची. गुणवंत कर्मचारी म्हणून एक भिंतीवरचं घड्याळही मिळालं होतं. शिस्त नव्हती ती. एकदाच तोडली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी, आणि ती एकदाची तोडलेली लाइन त्या उरलेली तीस वर्षं जोडत बसल्या होत्या.

त्यांची आई, धोंडाबाई, तेव्हा लासलगावला कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची. दिवसभर उकिडवं बसून लहान-मोठा कांदा वेगळा करायचा, डोक्यात, लुगड्यात, श्वासात कांदा. लेक रेल्वेत लागली, खुर्चीवर बसून बोलायचा पगार मिळतो, याचं तिला इतकं नवल की खळ्यावरच्या बायकांना ती रोज सांगायची. एके दिवशी कांदा वॅगनमध्ये भरायला स्टेशनात आली होती, तर पोर्टरच्या हातापाया पडून तिने रेल्वेच्या कामाच्या सर्व्हिस लाइनवरून मनमाड मागितलं. तो कॉल लताबाईंच्याच बोर्डावर आला. "नंबर प्लीज," लताबाई म्हणाल्या, आणि पलीकडून वाऱ्यासारखा एक दम ऐकू आला, मग "बाये…" एवढंच. मागे इन्स्पेक्टर उभे होते. सर्व्हिस लाइनवर खासगी बोलणं म्हणजे मेमो, आणि नोकरी अजून कायम झालेली नव्हती. लताबाईंनी पाठ ताठ केली आणि ऑपरेटरच्या आवाजात म्हटलं, "लाइन बिझी आहे." आणि दोरी खेचली.

पुढे पंधरा दिवसांनी आई मनमाडला आली, पाटीत भाकरी-ठेचा घेऊन. लताबाईंनी विचारलं, "आई, काय सांगायचं होतं गं तेव्हा?" ती म्हणाली, "काय नाय वं. तुजा आवाज आयकायचा व्हता. तर तू म्हनली लाइन बिजी हाय. तुज्याच आवाजात म्हनली की." आणि खळखळून हसली. तिच्या मनात काही नव्हतं, नसावं. पण पुन्हा कधी तिने फोन मागितला नाही, पुढे घरोघर फोन आले तरीही. आणि जात्यावर बसली की आपल्या ओव्यांमध्ये तिने हीही एक घालून ठेवली, लेकीला ऐकू जाईल अशा बेताने:

लासलगावच्या ठेसनी, तार धरीली कानाला
लेक बोलली तारंत, वळखंना ती आईला

ओवीत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाचं काहीतरी करता येतं. जातं फिरायचं, पीठ पडायचं, आणि लताबाई चुलीपुढे बसून निखाऱ्यांत फुंकत राहायच्या, धूर डोळ्यांत जाण्यासाठी.

म्हणून वीज आली आणि हात रिसीव्हरकडे गेला. डोकं सांगत होतं, चोर आहेत. हात म्हणत होता, बोलणं अर्ध्यावर राहिलंय. पलीकडे कोणीतरी 'हॅलो, हॅलो' करत असेल. माणूस चोर आहे हे कळूनही आपल्या बाजूने त्याला तुटलेला ठेवणं त्यांना जमलं नाही. आणि आणखीही काही होतं, ते तर आतल्याही आत, देवळीतल्या किड्यासारखं. सकाळपासून रात्रीपर्यंत या घरात पायलची चार मिनिटं सोडली तर कोणी बोलत नाही. रोहित चाळीस मिनिटं बोलला होता. रोहित म्हणाला होता, "मॅडम, तुमचा आवाज फार क्लियर आहे, रेडिओवर होता का?" आणि त्या लाजल्या होत्या. पासष्टाव्या वर्षी, चोराला लाजल्या होत्या. दुसऱ्यांदा फोन लावल्यावर तो म्हणाला, "अरे वा मॅडम, तुम्हीच लावला परत? थँक यू." त्या 'थँक यू'त क्षणभर खरंच आश्चर्य होतं. तेवढा एकच शब्द तो खरा बोलला असेल. मग मोबाइलवर बँकेचे आकडे आले, कोणालाही सांगू नका असं वर लिहिलेलं, आणि लताबाईंनी ते दोन-दोनच्या जोडीने वाचून दाखवले. त्याने परत म्हटले. "बरोबर," लताबाई म्हणाल्या. असं तीन वेळा. तीन वेळा बरोबर.

दीड वाजला. सायबर पोलिसांचा चार आकडी नंबर त्यांना पाठ होता. कोणाला नाही? मोबाइल लावला की आधी ती रेकॉर्डवरची बाई सांगायची, फसवणूक झाली तर एकोणीसशे तीसवर फोन करा, आणि लताबाई दर वेळी त्या बाईच्या चुका काढायच्या, श्वास चुकीच्या जागी घेते म्हणून. पैसे गेल्यावर लगेच फोन केला तर पुढच्या बँकेत ते अडवता येतात, हेही ठाऊक होतं. सव्वाअकरापासून ठाऊक होतं. सव्वादोन तास त्या पैशांच्या मागे धावू शकत होत्या आणि धावल्या नव्हत्या, कारण फोन लावला की कोणीतरी विचारणार होतं. चोर विचारत नव्हता. पोलीस विचारणार, पायल विचारणार, डॉक्टर विचारणार. प्रत्येकाला त्याच बारा मिनिटांवरून न्यायचं होतं. न सांगावं? शनिवारी पायलला म्हणावं, नको मला ऑपरेशन, भीती वाटते. म्हातारीची भीती कोणालाही पटते. मग बत्तीस पायऱ्या वर, बत्तीस खाली, जिवंत असेतोवर. नुसता विचार केला तर डाव्या गुडघ्यात सळक उठली, जणू त्याचंही मत विचारायला हवं होतं.

त्या गुडघ्यानेच बहुधा नंबर फिरवला. आपण रांगेत आहात, असं तीनदा ऐकल्यावर एक मुलगी आली. आवाज तिशीच्या आतला, जेवण अर्धं टाकून आलेली, घसा कोरडा.

"नमस्कार, नाव सांगा."

"लता झुंबर गांगुर्डे. नाशिकरोड."

"काय झालं आजी?"

लताबाईंनी सांगितलं. ऑपरेटरच्या आवाजात, वेळ, रक्कम, नंबर, एकही शब्द न अडखळता. पलीकडे कळफलक टकटकत होता.

"किती वाजता गेले म्हणालात?"

"शेवटचे अकरा वाजून बारा मिनिटांनी."

टकटक थांबली. "आणि आत्ता दीड वाजून गेलाय, आजी." मुलगी रागावली नाही, हेच वाईट. "ठीक आहे, मी टाकते बँकांना. शेवटची रक्कम कदाचित अडेल. आधीच्या दोन पुढे गेलेल्या दिसतायत. खात्रीने नाही सांगू शकत." पुन्हा टकटक. "मध्ये लाइन कट झाली होती म्हणालात ना, वीज गेल्यामुळे? तोपर्यंत पैसे गेले नव्हते?"

"नाही."

"मग परत फोन त्यांनी केला?"

भाजीवाला गेला होता. पंखा एका पात्याशी दर फेरीला टिकटिक करत होता. आईच्या ओवीतलं जातं असंच एका जागी अडखळायचं, खुंटा सैल झालेला.

"आजी? हॅलो? परत कोणी लावला?"

"मी," लताबाई म्हणाल्या.

मुलीने काही विचारलं नाही. 'का' असं विचारलं असतं तर कदाचित त्यांनी लासलगावपासून सगळं सांगितलं असतं. पण मुलीच्या मागेही खोली होती, ओळीने आवाज होते, "काळजी करू नका," "किती वाजता गेले," "काळजी करू नका." मुलीने तक्रारीचा नंबर सांगितला. लताबाईंनी तो दोन-दोनच्या जोडीने परत म्हणून दाखवला. मुलगी म्हणाली, "हो, बरोबर." आणि मग, "आजी, आता नीट ऐका. ते लोक परत फोन करतील. पैसे परत देतो म्हणतील, पोलीस बोलतोय म्हणतील. उचलायचाच नाही. अनोळखी घंटा वाजू द्यायची. समजलं?"

"समजलं."

"लॅपटॉप बंदच ठेवा. मुलीला सांगा. कोणीतरी जवळ असू द्या." मुलीने ठेवला. मग लताबाईंनी ठेवला.

नोटांच्या प्रेसचा भोंगा झाला. उन्हाचा चौकोन टेबलावरून खाली उतरून फरशीवर आला. मुलीला सांगा. पायल अजून ऑफिसात असेल, मघाशी ती गप्प झाली होती तेवढी तिची एक शंका आता वाढत असेल, दर तासाला थोडी, पिठाच्या गोळ्यासारखी. ती पुन्हा फोन करील. आज करील. किंवा तो करील. तो मुलगा, ज्याने आकडे परत म्हटले.

टेलिफोन वाजला.

लताबाईंचे पाय उठले. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या. दुसरी घंटा. या खोक्यावर नाव दिसत नाही, फक्त उचलल्यावर ऐकू येतं, आणि ऐकायचं असेल तर उचलावं लागतं. तिसरी. तान्हं मूल. त्यांनी कान दिला. एकेकाळी त्या पैजेवर सांगायच्या, घंटेवरून कळतं पलीकडे घाई आहे की दुःख. काही कळेना. घंटेमागे कोणीच नव्हतं, नुसती घंटा होती. चौथी, पाचवी. पुण्यातली पोर मोबाइल कानाला लावून जिन्यात उभी असेल. किंवा समोसे खाऊन हात पुसून कोणी बसलं असेल. सहावी. गेलेल्या पैशांचं त्यांना या घडीला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते या हाताचं, जो आता मांडीखाली दाबून ठेवावा लागत होता. सातवी. आठवी.

रिकाम्या खोलीत, पाठ ताठ करून, लताबाई ऑपरेटरच्या आवाजात म्हणाल्या, "लाइन बिझी आहे."

घंटा वाजत राहिली.